कुलूप नांदेडला, किल्ली लातूरला

बाजाराच्या दिवशी शिवकांताताई नांदेडहून मुखेडला येऊन बसायच्या. बाजाराला जाते म्हणून घरून निघालेल्या बाया रिकामी पिशवी मांडीवर ठेवून नवऱ्याच्या मारहाणीचं सांगायच्या आणि ताई ते लॅपटॉपवर उतरवून घ्यायच्या.

एकदा परतताना बसमध्ये चढायच्या रेटारेटीत तो लॅपटॉप बॅगेसकट चोरीला गेला. ताईंना पहिली आठवली ती नागुबाई. नवऱ्याच्या तावडीतून सुटून ती लातुरात एका मेसमध्ये पोळ्या लाटत होती. नवरा अजून तिच्या मागावर होता आणि तिचा पत्ता त्या लॅपटॉपमध्ये होता.

ताईंचा भाचा रविकिरण कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "आत्या, फायलींना कुलूप घातलेलं हाय ना? मग कशाला घाबरून राहिलीस? कॉम्प्युटरसंगं फुकट येतंय, पण लई पक्कं हाय. तुझा पासवर्ड, न्हाईतर ती आकड्यांची लांबलचक किल्ली. त्याच्याबिगर कुणाच्या बापाला उघडायचं न्हाई. किल्लीचा कागद कुठं ठेवलास?"

कागद लॅपटॉपच्याच बॅगेत होता, हाताशी असावा म्हणून! दाराला भलं थोरलं कुलूप लावायचं आणि किल्ली वळचणीला खोचायची, ही आपली पिढीजात हुशारी. ताई शिकल्यासवरलेल्या, तरी त्यांनी तेच केलं.

पोलिसांत तक्रार देऊन त्या तडक लातूरला गेल्या. 'कुलूप होतं' एवढंच सांगून मोकळं व्हावं, असं वाटेत मनात आलं. पण नागुबाईसमोर त्यांनी सगळं कबूल केलं. नागुबाईनं कणकेचे हात धुतले आणि संध्याकाळच्या आत खोली बदलली. ताईंना ती एका शब्दानं बोलली नाही, तेच त्यांना जास्त लागलं.

दोन-चार दिवसांनी डेपोतून फोन आला. भिंतीमागे बॅग सापडली होती. लॅपटॉप गेला तो गेलाच, पण आतल्या कप्प्यात जुन्या तिकिटांखाली तो कागद होता, घडीसुद्धा न मोडलेला. चोरानं तिकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ताईंना रडू आवरेना.

नवा लॅपटॉप आला, तशा ताई नव्या किल्लीचा कागद घेऊन लातूरला गेल्या. "हा तू सांभाळ. लॅपटॉप नांदेडला, किल्ली तुझ्यापाशी. नुसत्या आकड्यांवरून कुणाला काही कळायचं नाही."

नागुबाई कागदाकडे बघतच राहिली. "ताई, सासरी मला कपाटाची किल्ली बी कधी कुणी हातात दिली न्हाई."

तिनं कागद ट्रंकेत साड्यांच्या तळाशी ठेवला, कुलूप ओढून पाहिलं आणि किल्ली कमरेला खोचली.