सारवणाचा कोबा

आमची खाला उलटी चालायची. निरोप घेतला की तोंड आपल्याकडे ठेवून एकेक पाऊल मागे टाकत दारापर्यंत जायची आणि उंबरठ्याला टाच लागली की मग वळायची. मी लग्न होऊन वाशिमला आले तेव्हा मला वाटलं, केवढी ही अदब. सासूबाईंना तसं म्हटलं तर त्या पदराआड हसल्या. अदबीचा तिथे काही संबंध नव्हता. खाला सिमेंटचा कोबा घोटायची. ओल्या कोब्यावर फळी टाकून बसायचं, घोटत घोटत मागे सरकायचं, केलेल्या कामावर स्वतःचाही पाय पडू द्यायचा नाही, यात तिचं आयुष्य गेलेलं. तिच्या पायांना सरळ चालणं म्हणजे काम बिघडवणं वाटत असावं.

तिचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. तिच्याहून वयाने मोठे बाप्येही तिला खालाच, म्हणजे मावशीच, म्हणत. नवरा मिस्तरी होता, तो गेल्यावर भाचा गवंडीकाम करू लागला. सिमेंट तेव्हा आमच्याकडे नवलाईचं होतं. कोणी न्हाणीपुरतं करून घेई, कोणी ओट्यापुरतं, आणि अंगणभर सिमेंट म्हणजे तर ऐपतीची दवंडीच. भाच्याने माल ओतून फळीने सारखा केला की त्याचं काम संपे आणि खालाचं राज्य सुरू होई. ती दोरी दाबून चौकटी पाडायची. वाटीची कड फिरवून फुलं काढायची. दारापासून विहिरीपर्यंतच्या वाटेवर पिंपळाची पानं दाबून अशी अलगद उचलायची की शिरा न् शिरा उमटायच्या. मग लाल रंगाची भुकटी भुरभुरून नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटत बसायची, आणि त्या लालीत आपलं तोंड दिसू लागे.

"सिमेट अन् जवाई, दोघाईले बसाले टाइम द्या लागते," असं ती म्हणायची. घाई करणाऱ्या घरमालकांना हे वाक्य दिवसातून चारदा ऐकावं लागे. रंग जास्त टाक म्हणणाऱ्या बायकांना ती विचारायची, "अंगन होय का ओठ होय?" तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण मनात काही उरत नसे.

मात्र तिच्या कामात दुसऱ्याचा हात लागलेला तिला खपत नसे. एका वकिलांच्या ओल्या ओट्यावरून शेजारची कोंबडी चालत गेली. खालाने हातातला गोटा खाली ठेवला आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्या कोंबडीचा पाठलाग केला. परत येऊन सगळा ओटा खरवडला आणि पुन्हा पहिल्यापासून केला. वकीलसाहेब म्हणाले, "खाला, चार पावलं तर आहेत, राहू दे." ती म्हणाली, "कोंबडी तुमची मिस्तरीन होय का?" ही हकीगत अख्ख्या वाशिमला माहीत होती. आमच्या अंगणाचं काम निघालं तेव्हा आम्हालाही होती.

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं होतं. मामंजींनी अकोल्याला कुणाकडे तरी आरशासारखं लाल अंगण पाहिलं आणि वऱ्हाड आपल्याही तसल्याच अंगणात उतरलं पाहिजे असं मनात घेतलं. मामंजी एकवचनी आणि तापट. त्या दिवसांत त्यांचा ताप सासूबाईंवर जास्त निघायचा, कारण सासूबाईंना विसर पडू लागला होता. वरणात दोनदा मीठ. कडी लावली की नाही, म्हणून अर्ध्या वाटेतून परत येणं. एकदा तर हळदीचा डबा देवघरात ठेवला आणि घरभर शोधत बसल्या. मामंजींची स्वतःची आई अशीच विसरत विसरत शेवटी पोटच्या पोराला ओळखेनाशी झाली होती. त्यामुळे सासूबाईंच्या हातून काही सांडलं-लवंडलं की मामंजींचाच चेहरा पांढरा पडायचा आणि मग ते ओरडायचे. एका संध्याकाळी जेवताना ते तोडून बोलले, "आता आखरीची चूक. याच्यापुढं काई झालं तं किल्ल्या सूनबाईच्या कमरेले. हिनं देवघरात बसून राहावं."

मला त्या किल्ल्या नको होत्या. ज्या बाईने मला पहिल्या दिवसापासून पोटच्या पोरीसारखं वागवलं, तिला तिच्याच घरात कोपऱ्यात बसलेली पाहायचं माझ्या जिवावर आलं असतं. सासूबाई मात्र त्या दिवसापासून प्रत्येक काम दोनदा तपासू लागल्या, आणि तपासण्याच्या नादात आणखी चुकू लागल्या.

अंगणाच्या दिवशी मामंजी आमंत्रणं करायला बैलांची दमणी जुंपून अनसिंगला गेले होते. भाच्याने दुपारपर्यंत सगळं अंगण भरून सारखं केलं आणि तो जेवायला गेला. खाला म्हणाली, "जरासाक पानी ओढू द्या त्याले, मंग रंग टाकतो." तीही गोठ्याच्या पडवीत नमाज पढायला गेली. मी स्वयंपाकघरात करंज्यांच्या सारणाशी होते. सासूबाई आत डोळा लागून पडल्या होत्या.

त्या उठल्या आणि बाहेर आल्या. समोर काय, तर करडं, ओलं, नुकतं चोपून सारखं केलेलं अंगण. लग्नघरात दरवेळी असंच असायचं. गडी माती चोपून द्यायचे आणि शेवटचा हात घरच्या मालकिणीचा असायचा. तिने शेणाने सारवल्याशिवाय अंगण शुभकार्याचं होत नाही, ही आमच्याकडची रीत. गोठ्याशी घरातल्या जमिनींसाठी शेणकाल्याची घमेली तयार होतीच. सासूबाईंनी पदर खोचला आणि सारवायला बसल्या. मी बाहेर आले तेव्हा त्यांचं अर्धं अंगण झालं होतं. पंजाच्या गोल फेऱ्या एकीला एक लागून, इतक्या सारख्या की आखून काढल्यासारख्या.

मी हाक मारली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. मग खाली हाताकडे पाहिलं. आणि त्यांना कळलं. त्या तिथेच मागे टेकल्या. म्हणाल्या, "खरंच गेलं वं माह्यं डोकं."

इतक्यात खाला पडवीतून आली. मला ती कोंबडी आठवली. खालाने अंगण पाहिलं, शेणाचे हात पाहिले, आणि कपाळावर हात मारून जी सुरू झाली ती विचारू नका. सिमेंटाचा सत्यानाश केला, पुन्हा खरवडायचं तर माल नाही, माल आणायचा तर दिवस नाही. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. मी खालाला बाजूला घेतलं आणि मामंजी काय बोलले होते ते सांगितलं.

खाला अंगणाच्या कडेला उकिडवी बसून त्या फेऱ्यांकडे पाहत राहिली. मग सासूबाईंना म्हणाली, "काहून रडून राह्यल्या? इसर पडनाऱ्याचा हात असा चालत नाई. इथं एक फेरा दुसऱ्यावर चढला नाई. तुमाले इसर नाई पडला बाई, तुमाले यादच जास्त आली."

आणि तिने पदर कमरेला बांधला. ओल्या फडक्याने तिने आणि मी शेण पुसून काढलं. खालाने उरलंसुरलं सिमेंट आणि लाल भुकटी पाण्यात कालवून घमेलं सासूबाईंच्या पुढे ठेवलं. "आधी तेल लावा हाताले, सिमेट चावते. अन् आता सारवा, पुरं." सासूबाईंनी पहिल्या दोन फेऱ्या जपून काढल्या, मग हात चालू लागला. त्या पुढे सारवत होत्या आणि त्यांच्या मागोमाग खाला कडा बसवत होती, गोटा न लावता, नुसत्या हलक्या थापीने. दुसऱ्याचा हात न खपणारी ती बाई त्या दिवशी दुसऱ्याच्या हातामागे काम करत होती. मधूनच ओरडायची, "हळू बाई, तुमी तं मले पळवून राह्यल्या." लग्न ठरल्यापासून सासूबाईंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दिवेलागणीला मामंजी आले. सासूबाई दाराआड उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"हे काय होय?" मामंजींनी विचारलं.

"सारवन होय मालक, सिमेटाचं," खाला म्हणाली.

"म्या आरशासारखं सांगतलं होतं."

"आरशावर वऱ्हाडी घसरते. पाय धुवाले पानी सांडन, अन् व्याहीबुवा उतानं. मंग तुमी त्याईले उचलसान का मले बोलावसान?"

"हे कोनाच्या डोक्यातून निघालं?"

खालाने क्षणभरही वेळ घेतला नाही. "मालकिनीच्या. हातही त्याईचाच होय. माह्या बापाच्यानं असं होत नाई."

मामंजींनी ते फेरे या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. कडेला खाली वाकून त्यांनी काहीतरी निरखलं, मग उठले. "बरं हाये," म्हणाले. "उद्या पानी मारा लागन न त्याले?" आणि मागच्या दाराने आत येऊन त्यांनी सासूबाईंकडे प्यायला पाणी मागितलं. सासूबाईंनी माझं मनगट सोडलं तेव्हा आम्ही दोघींनीही श्वास सोडला. एवढा मोकळा श्वास मी पुढे माझ्या बाळंतपणातही घेतला नसेल.

लग्न थाटात झालं. वऱ्हाडातलं कोणीही घसरलं नाही, आणि विहीणबाई अंगणावरून हात फिरवून गेल्या. लग्नाची काळजी उतरली तशा सासूबाईंच्या चुकाही थांबल्या. विसर नव्हताच तो, धास्ती होती. किल्ल्या त्यांच्याच कमरेला राहिल्या. पुढे मालेगावपर्यंतची माणसं खालाकडे सारवणाचा कोबा मागू लागली. कोपऱ्यात हात कसा वळवायचा हे विचारायला ती आमच्याकडे यायची आणि सासूबाई परातीत पीठ पसरून तिला दाखवायच्या. एरवी स्वतःचा पेला बरोबर घेऊन येणारी खाला त्या दिवसांत आमच्या कपातून चहा पिऊ लागली. घरातल्या कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि सिमेंट मिळेनासं झालं. भाच्याला हैदराबादेकडे काम लागलं. खालाही त्याच्याबरोबर निघाली. जायच्या दिवशी ती आली, ओट्यावर टेकली आणि हात जोडून म्हणाली, "कहा-सुना माफ करा. मालक, तुमच्याशी एक गोष्ट म्या लपवली होती. ते अंगन..."

"शेनातली काडी," मामंजी म्हणाले.

खालाने जोडलेले हात खाली घेतले.

"कडेले एक काडी राह्यली होती, सिमेटात रुतलेली. म्या त्याच संध्याकाळी पाह्यली. समजलं मले काय झालं ते." त्यांनी दाराकडे हात केला. "माह्या मायसारखंच हिचं होऊन राह्यलं म्हनून म्या किती रात्री जागलो, कोनाले मालूम नाई. मंग ते फेरे पाह्यले. माह्या मायच्या हातून शेवटी शेवटी सरळ रेघ निघत नव्हती. त्या रात्री मले झोप लागली, खाला."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "मंग इतकी वर्सं मले काहून नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"तू तरी कुठं सांगतलं?" मामंजी म्हणाले.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग त्या आत गेल्या, खालासाठी शिदोरी बांधली आणि तिच्या शेजारी ओट्यावर येऊन बसल्या. बाहेर भाचा गाडी लागल्याचं ओरडत होता. मामंजींनी त्याला बसल्या जागेवरूनच सांगितलं, "थांब जरासाक. बसू दे त्याईले."