काठावरच्या कुसुमताई

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मोहाडीच्या सेवकरामांनी पहिल्यांदा हातमाग एक दिवस बंद ठेवला. निमित्त चांदपूरच्या मारुतीच्या दर्शनाचं, पण खरा जीव अडकला होता खालच्या तलावात. मे महिन्यात पाणी मागे सरलं की काठाला रेतीचा पट्टा उघडा पडायचा. सेवकराम त्याला चौपाटी म्हणत. आता समुद्र पाहिला होता कोणी? पण ते म्हणत, म्हणून घरातले सगळेच तसं म्हणायला लागले.

मग दरवर्षी चौपाटी. कुसुमताई पहाटेच पुऱ्या तळून डबा भरायच्या. एसटीने तुमसर, तिथून काळीपिवळी जीप. पोहोचल्या पोहोचल्या संजीव आणि स्वाती ही दोन्ही पोरं कपडे फेकून पाण्यात, त्यांच्यामागे लुंगी खोचून सेवकराम. आणि काठावर कोण? कुसुमताई. तिथली वानरं महाद्वाड, नजर हटली की डबा गायब. म्हणून डबा, चपला, कपडे, नवऱ्याचा चष्मा, सगळं मांडीशी घेऊन बाई बसायच्या. वर्षभर घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि इथे येऊन राखण करायची! त्यांनाही पाण्यात जायचं होतं हो. कोणी एक बाहेर आला की जाऊ, असं त्या मनाशी म्हणायच्या. पण येणारा भुकेला यायचा, कुडकुडत यायचा. मग वाढा, डोकी पुसा, तोवर काळीपिवळीवाला हॉर्न वाजवायला लागायचा. अशी बारा वर्षं गेली, पाय म्हणून ओला झाला नाही. मनातून चिडायच्या, पण परतताना दोन्ही पोरं अंगावर रेलून झोपली की राग कुठल्या कुठे पळायचा. ते दिवस त्यांना अजून आठवतात, पुऱ्यांत कचकचणाऱ्या रेतीसकट.

पुढे पोरं नोकरीला लागली आणि चौपाटी थांबली. मागही थांबला. गेल्या मे महिन्यात मात्र संजीव पुण्याहून आणि स्वाती नागपूरहून लेकरं घेऊन आली आणि सगळे पुन्हा चांदपूरला निघाले. जूनमध्ये कुसुमताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर ओल्या रेतीत उतरणं कितपत जमेल, कोणाला ठाऊक.  यंदा पाण्यात गेले नाही तर कधीच नाही, हे बाईंना पक्कं कळलं होतं.

काठावर संजीवने घडीची खुर्ची उघडली, सावली बघून मोठ्या प्रेमाने आईला बसवलं आणि चार मोबाईल, दोन पाकिटं, गाडीची किल्ली तिच्या ओटीत ठेवली.

"तू बस आई," तो म्हणाला. "तुले तसंही पाणी आवडत नाही."

आणि गेला लेकरांच्या मागे.  बारा वर्षं काठावर बसल्याचा पोराने हा अर्थ काढला! काढेल नाही तर काय, त्यांनी तरी तोंड उघडून कधी सांगितलं होतं?

त्या उठल्या. लुंगी खोचत पाण्याकडे निघालेल्या सेवकरामांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं आणि पदरातलं सगळं त्यांच्या मांडीवर ओतलं.

"मले पाणी आवडते जी," त्या म्हणाल्या. "वानरं तुमी पाहा."

 सेवकरामांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. कुसुमताई लुगडं वर धरून एकेक पाऊल टाकत गेल्या. घोटे बुडाले, मग पोटऱ्या बुडाल्या. तिथे त्यांनी हातातलं लुगडं सोडून दिलं.