हातोडीला न घाबरलेला फणस

माझ्या अंगात धीर असा नाहीच, आणि आईने लावला काय, तर फणस! शेजारच्या केरळच्या काकूंनी गावाहून आठळ्या आणल्या होत्या, त्यातली एक तिने भिलाईच्या आमच्या क्वार्टरमागे खोचली. ओल्या, दाट जंगलातलं झाड ते. आमच्या अंगणात उन्हाळ्यात तुळससुद्धा मान टाकायची. तरी ते वाढलं, छपराच्या वर गेलं, पण फळ काही देईना. नाव मोठं लक्षण खोटं, बाबा म्हणायचे.

विदर्भात आमच्या गावाकडे रीत होती. झाड फळत नसेल तर एकाने कुऱ्हाड घेऊन त्याला धमकवायचं, दुसऱ्याने त्याची बाजू घ्यायची. आमच्या घरात कुऱ्हाड नव्हती. दर संक्रांतीला बाबा शेगडीचा कोळसा फोडायची हातोडी उगारून फणसापुढे उभे राहत.

"यंदा फळ नाही देल्लं तं तोडून टाकीन तुले!"

"अवो, राहू द्या," आई मध्ये पडायची. "लहान हाय अजून. पुढच्या साली देईल."

मी चिडायचे. हातोडीने कधी झाड तुटतं का?

एका वर्षी खोडाला मुठीएवढं फळ धरलं. एकच. आणि तेव्हाच बाबांना प्रमोशन मिळालं, सेक्टर १०मध्ये मोठं क्वार्टर. ताबा लगेच घ्यायचा, नाहीतर ते दुसऱ्याला जाणार. "तोडून घे, भाजी कर," बाबा म्हणाले. इथे सगळे कच्च्या फणसाची, म्हणजे कटहलची, भाजीच करत.

"नाही," आई म्हणाली. "माह्या झाडाचा एक पिकला गरा तं खाऊ द्या मले."

फळ झाडावरच राहिलं. पिकलं की कळवा, असं आई नव्या बिऱ्हाडाला सांगून आली.

नव्या घरात तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. डबे फळीवर लावायची, पुन्हा काढायची. बाबा ड्यूटीवरून येताना सायकल मुद्दाम जुन्या क्वार्टरवरून आणत. ते दारात आले की आई विचारायची, "हाय का?"

"हाय. मोठं होऊन राहिलं."

उन्हाळा संपला, पावसाळाही अर्धा सरला, तरी रोज तेच उत्तर. माझा जीव नुसता वरखाली. शेवटी मीच सायकल काढली. कुंपणावरून पाहिलं तर खोडाला नुसता कापलेला देठ, वर चीक सुकून काळा पडलेला. फळ कधीच कुणी नेलं होतं. त्या लोकांचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त आला. आज सगळं सांगून टाकायचं, असं ठरवूनच घरी आले.

गणपतीची वर्गणी मागायला आलेली पोरं नुकतीच गेली होती. बाबा आले. आईने विचारलं.

"हाय," ते म्हणाले आणि तिच्याकडे न बघता चपला काढायला वाकले.

गणपतीपर्यंत फणस झाडावर राहत नाही, हे केरळच्या काकूंनीच आईला सांगितलं होतं. मी तोंड उघडणार, तोच तिने बाबांच्या हातातली पिशवी घेतली.

"राहू द्या," ती म्हणाली. "लहान हाय अजून. पुढच्या साली देईल."