पिवळ्या पेटीतला माणूस

सांगवीच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता, कंपनीच्या शर्टातच. चाकणला गाड्यांचे पार्ट तपासायचं त्याचं काम. सारखा गळ्यावरून अंगठा फिरवत होता.

"थायरॉईडचा कॅन्सर हाय म्हणत्यात. पण पॅपिलरी जातीचा, बारीक. दुसऱ्या जातीचा असता तर डॉक्टर थांबले नसते. ह्याला आत्ता कापायचं न्हाई, सोनोग्राफी करून नजर ठेवायची. आमी तर केसाएवढा तडा दिसला की पार्ट लाल पेटीत टाकतो, राव!"

माझ्याही रिपोर्टवर पॅपिलरीच लिहिलं होतं. मला तरी कुठं काय कळलं होतं?

"पासही नाही, रिजेक्टही नाही, असं तुमच्याकडं काही नसतं?"

"असतं की. पिवळी पेटी. पण त्यातल्या पार्टला घरी जाऊन सांगावं लागत न्हाई."

त्याचा अंगठा पुन्हा गळ्यावर गेला. माझाही.