हरतालिकेच्या दिवशीचं इंजेक्शन

सावंतांच्या घरी त्यांच्या बायकोला हात लावला तर अंग घामानं थबथबलेलं आणि गारेगार. दातखीळ बसलेली.

"सावंत, सकाळी इंजेक्शन दिलंत?"

"दिलं ना डॉक्टर. एक दिवस चुकवत नाय मी."

"आणि हिनं खाल्लं काय?"

"आज हरतालिका ना. पाण्याचा थेंबपण नाय."

मी बॅग उघडून ग्लुकोज शोधायला लागलो.

पन्नासच्या दशकात मुलुंडला माझा छोटा दवाखाना होता. सावंत कोकणातले, कारखान्यात फिटर. बायको इंदू, जेमतेम तिशीची, तिला मधुमेह. मोठ्या हॉस्पिटलातून दोनच गोष्टी पढवून घरी पाठवलेलं: इंजेक्शन चुकवायचं नाही आणि साखर म्हणजे विष. सावंत रोज काचेची सिरिंज उकळून स्वतः टोचायचे.

आता यात गोम काय, ते सांगतो. भात खा नाहीतर भाकरी, पोटात गेल्यावर तिची साखरच होते. ती रक्तात येते आणि शरीर तीच जाळून चालतं. तूप, डाळीही जळतात, पण सावकाश. मेंदूला मात्र साखरच लागते. मधुमेहात ती रक्तातच पडून राहते. इंजेक्शनातलं इन्सुलिन तिला आत ढकलतं. पण त्याला काय ठाऊक आज उपास आहे! ते आपलं ढकलतच राहतं. रक्तातली साखर संपली की मेंदू विझायला लागतो. समईतलं तेल संपावं, तसा.

"दुपारी बडबडायला लागली," सावंत सांगत होते. "कायतरी गोड द्या, गोड द्या म्हणून माझा हात धरला. मी ओरडलो तिच्यावर, मरायचंय काय तुला?"

दुसऱ्या दिवशीच्या गणपतीसाठी केलेली खिरापत तिथंच ताटात झाकून ठेवलेली होती. खोबरं आणि साखर.

मी शिरेतून ग्लुकोज दिलं. एरवी सुई काढायच्या आत माणूस डोळे उघडतो. इंदूनं उघडले नाहीत. फार उशीर झाला होता. संध्याकाळी ती गेली. नवऱ्यासाठी आयुष्य मागायचा दिवस तो.

सावंतांनी खिरापतीवरचं झाकण काढलं.

"डॉक्टर, ह्यातली चिमूटभर दिली असती तर?"

मला त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना.

"तुम्हाला सांगितलेलं सगळं तुम्ही पाळलंत, सावंत."

"म्हणजे वाचली असती," ते म्हणाले, आणि झाकण परत ठेवलं.

तेव्हापासून इन्सुलिन लिहून दिलं की घरच्यांना समोर बसवून मी साखर कधी द्यायची ते आधी सांगतो. बंद कधी करायची, ते नंतर.