राजूरच्या भिंतीसाठी ड्रिल

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार राजूरच्या कुसुममामीचे आहेत. एके दिवशी ती आमच्या काउंटरसमोर उभी होती आणि मांडलेल्या मशीनकडे बोट दाखवून विचारत होती, "यातलं कोणतं माह्या हातानं चालीन?"

मी यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पॉवर टूल्सच्या विक्री आणि सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनियर आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. अकरावी-बारावी मामीच्या घरी राहून जवळच्या वणीला केली. पुढे इंजिनियरिंगचा फॉर्म भरायला तीच माझ्यासोबत एसटीने यवतमाळला आली होती.

त्या दिवशी ती मामांना तपासणीला घेऊन आली होती. मामा खाणीतून रिटायर झालेले. पॅरालिसिसचा झटका येऊन गेल्यापासून डावा पाय ओढत चालायचे. डॉक्टर म्हणाले होते, रोज घरात चालवा, पण धरायला भक्कम आधार हवा. या वयात पडले तर पुन्हा उठणं कठीण. मामीने स्टीलचा पाइप आणि ब्रॅकेट आणून ठेवले होते. पलंगापासून अंगणाच्या दारापर्यंत भिंतीला रेलिंग करायचं होतं. बसवणारा मिळत नव्हता.

"मिस्त्री असते तवा लाइन नसते, लाइन असते तवा मिस्त्री नसते," मामी म्हणाली. "म्हून म्हटलं, बॅटरीवालं घेऊ. भोकं मी पाडते."

"तू?"

"काहून? शिलाई मशीन चालवते, हे नाई चालवणार?"

आमचे मालक मोहनभाऊ मागून म्हणाले, "घरच्या माणसाला मोठंच दे बाप्पा. उद्या तक्रार नको."

कॉर्डलेस ड्रिल घेताना लोक आधी व्होल्ट विचारतात. व्होल्ट म्हणजे मशीनचा जोर. बॅटरीवर एएच लिहिलेलं असतं, ती तिची टाकी. टाकी मोठी तर काम जास्त वेळ चालतं. काही मशीनना हॅमर असतो. बिट, म्हणजे पुढचं टोक, फिरता फिरता मागून ठोकेही खातं. काँक्रीटला हॅमर लागतोच.

मामीने अठरा व्होल्टचं हॅमरवालं एका हाताने उचललं. मनगट खाली गेलं. "हे तं कळशीवानी लोंबते." मग बारा व्होल्टचं उचललं. ते हलकं, स्वस्त आणि बिनहॅमरचं. "हे बरं हाय."

मला ते पटेना. मामांचा सगळा भार रेलिंगवर येणार. मोठा भार, तर मोठं मशीन, असा माझा सरळ विचार. तरी मामीचा हात खोटा नव्हता. शेवटी सुट्टीच्या दिवशी दोन्ही डेमो मशीन घेऊन मी राजूरला गेलो.

मामीच्या समोरच्या खोलीत माझा डिग्री घेतानाचा फोटो सुतळीने खिळ्याला टांगलेला आहे. त्याखालून भिंत आत मामांच्या पलंगाकडे जाते. त्याच भिंतीवर मी खुणा केल्या, अठरा व्होल्टचं मशीन हॅमरवर लावलं आणि भोकं पाडली. भोकांत प्लास्टिकचे प्लग ठोकले, त्यांत स्क्रू आवळले. पाइप सुरेख दिसत होता. मामांनी हात पुढे केला. मामीने तो बाजूला सारला.

"थांबा. बार होऊ द्या."

दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं, त्याला इकडे बार म्हणतात. जमीन हलते, मांडणीतली भांडी वाजतात. मामीच्या घरात बार झाल्याशिवाय भिंतीवरच्या कशावरच भरवसा ठेवत नाहीत.

बार झाला. माझा फोटो वाकडा झाला. मामी उठली, फोटो सरळ केला आणि मग रेलिंगला एकेका ब्रॅकेटजवळ धरून लोंबकळली. मधलं ब्रॅकेट प्लगासकट बाहेर आलं. मागोमाग मूठभर माती पडली.

मामा पलंगावरून पाहत होते. "बरं झालं, मी नव्हतो त्याच्यावर."

मला लाज वाटण्याआधी नवल वाटलं. मशीन तेच, बिट तेच, हात माझाच. मग बाकीचे पक्के आणि हाच का निघाला? मी खाली बसलो. प्रत्येक भोकाखाली भुकटी सांडली होती. बाकीच्यांखाली ती लाल होती. मधल्याखाली तपकिरी.

"मामा, ही भिंत कशात बांधली?"

"मातीत. सिमेंट कुठं होतं तवा? वरून प्लास्टर मंग केलं."

उलगडा झाला. बाकीची भोकं विटेत गेली होती, मधलं दोन विटांच्या सांध्यात. प्लास्टरखाली सांधा दिसत नाही. त्यात हॅमरच्या ठोक्यांनी आजूबाजूची माती आणखी मोकळी केली होती. जुन्या विटेलाही ठोके मानवत नाहीत, ती तडकते. मोठ्या मशीनचा जोर इथे कामाचा नव्हता.

मग बारा व्होल्टचं काढलं. त्याला बारीक बिट लावलं आणि मामीच्या हातात दिलं. "ट्रिगर हळू दाब. जितकं दाबशील तितकं जोरात फिरतं."

मामांना मी खुर्चीवर भिंतीजवळ बसवलं. त्यांनी भोकाखाली कागद धरला.

"माती," मामा म्हणाले. "सरक."

मामी बोटभर सरकली.

"अजून माती. आंधळी झाली काय?"

"तुमीच या मंग उठून!"

"त्याच्यासाठीच तं हे चाललं हाय... लाल! थांब, लाल हाय."

तिथे मोठं बिट घालून प्लग बसवला. बाकीची ब्रॅकेटंही तशीच तपासली. दाराजवळच्या पिलरवर आणखी एक ब्रॅकेट घेतलं, फक्त तिथे भुकटी राखाडी आली आणि छोटं मशीन नुसतंच गुरगुरलं. ते काँक्रीट. तिथे मोठं मशीन हॅमरवर लावून मी एक भोक पाडलं आणि ते बॅगेत परत ठेवलं.

त्या रात्री मी तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी बार झाला. मामीने फोटो सरळ केला, मग पुन्हा प्रत्येक ब्रॅकेटजवळ लोंबकळून पाहिलं. काही हललं नाही.

"चाला आता."

मामा उठले. पाइप धरून, पाय ओढत, मध्ये एकदा थांबून अंगणाच्या दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी उभे राहून बराच वेळ बाहेर पाहत राहिले.

"अंगण झाडलं नाई वाटते आज."

मामीने तोंडाला पदर लावला.

मोहनभाऊंनी परत आल्यावर विचारलं, "म्हणजे मोठं विकलंच नाही?"

"एका भोकासाठी मोठं मशीन घ्यायचं नसतं भाऊ, मागून आणायचं असतं."

"तू दुकान बुडवशील."

आता घरासाठी ड्रिल घ्यायला कोणी आलं की मी व्होल्ट सांगण्याआधी दोन गोष्टी विचारतो. भिंत कशाची आहे? आणि चालवणार कोण?

मामीसाठी बारा व्होल्टचं नवं मशीन एसटीच्या पार्सलने पाठवलं. डब्यात हे पत्र ठेवलं.

ती. मामीस,

सा. न. वि. वि.

मशीन पाठवत आहे. वापर नसला तरी अधूनमधून बॅटरी चार्ज करत जा. स्क्रू बसवताना पुढची रिंग लहान आकड्यावर ठेव. स्क्रू बसला की मशीन टरटर आवाज करून फिरणं सोडतं, मग दाबू नको. रेलिंगचे स्क्रू मधून मधून पाहत जा. मामांना रोज दारापर्यंत ने, त्यांनी कितीही कुरकुर केली तरी.

समोरच्या खोलीत माझ्या फोटोच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलच्या खुणा दिसतील. निघण्याआधी तिथे बारीक बिटाने पाहिलं, भुकटी लाल आहे. प्लग आणि स्क्रू डब्यात आहेत. सुतळी काढून टाक आणि फोटो दोन्हीकडून आवळ. ती भोकं तूच मोठी कर.

तो फोटो लागला तेव्हापासून दर बारानंतर उठून तू मला सरळ करत आलीस. आता बार झाला की बसून राहा.

तुझा,
दिलीप