कुट्टीत लपवलेल्या ओंब्या

ऐक ना, हे मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेले नाही. भराभर टाइप करतेय, थांबले तर सगळं पुसून टाकीन — मला माहितेय मी कशी आहे ते.

आमच्या अंबरपेठच्या घरामागे तीन गाई होत्या. दूध आईच विकायची. कुकटपल्लीच्या पुढे मामाच्या जमिनीत आम्ही गहू पेरायचो, पण दाण्यासाठी नाही — गाईंच्या हिरव्या चाऱ्यासाठी. तो पोटरीत असताना, म्हणजे ओंबी आत फुगलेली असते पण बाहेर पडलेली नसते ना, तेव्हाच कापायचा. तेव्हा तो कोवळा, गोड, दूध वाढवणारा. उशीर केला की काडी होते नुसती, आणि ओंबीची कुसळं ताठ होतात, सुईसारखी.

त्या हिवाळ्यात आईचा पाय प्लास्टरमध्ये. गहू बघून यायचं काम माझं. आणि मी? सकाळी नवीन कम्प्युटर क्लास, संध्याकाळी मैत्रिणींबरोबर नामपल्लीची नुमाईश, ते दरवर्षीचं मोठं प्रदर्शन — नवी कोल्ड्रिंक्स, परदेशी टीव्ही, डोकंच फिरलं होतं माझं! आई विचारायची, "पोटरी फुगली का गं?" मी म्हणायचे, "नाही गं, कोवळाच आहे अजून." शेतात गेलेच नव्हते.

गेले तेव्हा ओंब्या कधीच्या बाहेर. कुसळं कडक. तेव्हा तरी खरं सांगायचं ना? नाही. चारा कापायच्या मशीनवर त्याची इतकी बारीक कुट्टी करून आणली, की खाटेवरून आईला ओंबी दिसूच नये.

गंगी गाय चारा तोंडातून टाकायला लागली. लाळ गळायची. मी गुपचूप तिचं तोंड उघडून पाहिलं — जिभेखाली कुसळं रुतलेली, रक्त. निघाली तेवढी काढली, मोरीत टाकली. आणि दुसऱ्या दिवशी परत तीच कुट्टी तिच्यापुढे पडू दिली. का? दुसरा चारा मागितला असता तर आईने कारण विचारलं असतं.

दूध निम्म्यावर आलं. गाईंना चारापाणी सत्तेम्मा करायची, गल्लीच्या टोकाला राहायची. आई तिच्यावर उखडली. "गाय खात नाही म्हणे! पेंड तुझ्या म्हशीच्या पोटात जातेय, ते बोल!"

"कसम से अम्मा, एक मुठ्ठी बी नै ली." मग ती माझ्याकडे वळली. "चिन्नी, तू तो देखती ना रोज. बोल ना अम्माकू."

मी काय बोलले माहितेय? "मला काय माहीत."

बस. एवढंच.

आईने तिला त्याच दिवशी काढलं. मग गल्लीत कुणीच तिला कामावर ठेवलं नाही, तिने म्हैस विकली आणि तिच्या घरचे सगळे गल्ली सोडून गेले. कुठे, मी विचारलं नाही. गंगीचा जबडा सुजून दगडासारखा झाला. चाऱ्यासमोर उभी राहायची, खायची नाही. उपाशीच मेली.

आई अजूनही नवी बाई ठेवताना सांगते, "आधीची चोर निघाली हो." मी तिथेच असते. ऐकते.